मंत्र कोण पेलतंय?

कल्पनेतल्या तलवारींचा हिशेब ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. कर्जाच्या अर्जावर हे लिहिता येत नाही. तिथे मी 'स्वयंरोजगार, ऑनलाइन सेवा' असं लिहून मोकळी होते. वरोऱ्यात शेजारी विचारतात तेव्हा "पोरांचे खेळ घेते" एवढ्यावर भागतं. समोरच्या काकूंनी एकदा विचारलंच, "पण रात्री अकरापर्यंत कोणाची पोरं खेळतात बाई?" प्रश्न रास्त होता. अकरापर्यंत खेळणारी पोरं चाळिशीची असतात, त्यातली काही अमेरिकेत असतात आणि खेळायचे पैसे देतात.

खेळ असा. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण डंजन मास्टर होतो. सगळे त्याला डीएम म्हणतात. तो जग उभं करतो, राजांच्या, दुकानदारांच्या आणि राक्षसांच्या तोंडून बोलतो, आणि पुढे काय होईल हे नक्की नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायला लावतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि या प्रकारच्या खेळांची सुरुवात झाली. तिसरी आवृत्ती २००० साली आली, तिचीच डागडुजी केलेली साडेतीन २००३ साली, चौथी २००८, पाचवी २०१४, आणि पाचवीची सुधारित पुस्तकं २०२४ पासून. आवृत्ती बदलली की नियम बदलतात, नियम बदलले की भांडणं बदलतात. एक भांडण मात्र सगळ्या आवृत्त्यांत टिकून आहे. एखाद्याकडे मुळातच जादूची तलवार आहे आणि दुसऱ्याकडे तासाभरापुरती शक्ती देणारा मंत्र आहे. तर तो मंत्र त्या तलवारीवर चढतो का?

ऐकायला पोरकट वाटेल. पण मी हे काम सुरू केल्यापासून टेबलावर सगळ्यात जास्त आवाज याच प्रश्नावर चढलेले पाहिले आहेत. ड्रॅगननं गाव जाळलं तर कोणी फारसं भांडत नाही.

पुण्यात मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी, वरोऱ्याला आले आणि परत गेले नाही. मोकळ्या संध्याकाळी जुन्या सहकाऱ्यांसाठी ऑनलाइन खेळ घ्यायला लागले. त्यांनी ओळखीच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या ओळखीच्यांना; आणि छंदाला दर लागला. गल्लीतल्या पोट्ट्यांना कुणकुण लागली, तशी त्यांच्यासाठी रविवारची फुकट बैठक सुरू झाली. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा सत्तेचाळीसला टेकतो, तेव्हा दुपारी मुलांना घरात धरून ठेवणारी कुठलीही गोष्ट आयांना चालते. वीस बाजूंचे फासे आमच्या बाजारात मिळत नाहीत. हाउजीच्या डब्यातल्या १ ते २० आकड्यांच्या सोंगट्या काढून त्या एका थैलीत टाकल्या. थैली आनंदवनात विणलेल्या जाड कापडाची आहे, त्यामुळे आतला आकडा बाहेरून अजिबात दिसत नाही. हात घालायचा, सोंगटी काढायची, सगळ्यांना दाखवायची आणि परत टाकायची. आता खरे फासे आले आहेत, तरी मोठ्या क्षणाला मुलं थैलीच मागतात.

नियमांचं मराठीकरण मी स्वतः केलं. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. मूळ मालकांचा उल्लेख केला की तो कुणालाही भाषांतरित करता येतो, छापता येतो. त्यातली कामापुरती पानं मी मराठीत उतरवली आणि झेरॉक्स काढून मुलांना वाटली. नियम त्यांच्या हातात गेल्यावर माझं काम कमी होईल अशी माझी समजूत होती. झालं उलटं. हातात कागद असलेला बारा वर्षांचा मुलगा वकिलापेक्षा चिवट असतो.

आता प्रश्नाकडे. तपासणीच्या नोकरीत एक सवय लागली होती: यंत्र काय करतं हे बघण्याआधी, ते कोणत्या स्थितीत काम करायचं कबूल करतं ते बघायचं. मंत्रांनाही तीच सवय लावली की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकातला 'मॅजिक वेपन' हा मंत्र घ्या. दुसऱ्या पातळीचा, एक तास टिकणारा. जादूगार शस्त्राला हात लावतो आणि त्या शस्त्राला नेम आणि इजा या दोन्हींत +१ मिळतो. जास्त ताकद ओतून चौथ्या पातळीवर टाकला तर +२, सहाव्या पातळीवर +३. पण पहिल्याच ओळीत अट आहे की शस्त्र बिनजादूचं हवं. म्हणजे ज्याच्याकडे आधीच +१ तलवार आहे त्याच्यासाठी हा मंत्र नाहीच. बेरीज करायची की नाही हा प्रश्नच येत नाही, कारण दारातच अडवलं. 'एलिमेंटल वेपन' या तिसऱ्या पातळीच्या मंत्राचीही तीच अट. शिवाय 'मॅजिक वेपन'नं एखादी साधी कुऱ्हाड जादूची झाली, की तेवढा तास तिच्यावर 'एलिमेंटल वेपन'ही चढत नाही. त्या घटकेला ती बिनजादूची राहिलेली नसते.

सगळेच मंत्र असे सोवळे नाहीत. 'होली वेपन' हा पाचव्या पातळीचा मंत्र कोणत्याही शस्त्राला चालतो. तो प्रत्येक घावाला दोन आठबाजूंच्या फाशांइतकी तेजाची इजा वाढवतो, आणि शस्त्र जादूचं नसेल तर जादूचं करतो. असेल तर? मग मूळची जादू तशीच, वर हे तेज. 'शिलेली' हा छोटा मंत्र लाकडी सोट्यावर किंवा काठीवर चालतो. काठी आधीच +१ असली तरी हरकत नाही, तिचा +१ शाबूत राहतो आणि इजेचा फासा मोठा होतो. 'डिव्हाइन फेव्हर' तर शस्त्राला हातच लावत नाही. तो माणसावर पडतो, मग त्या माणसाच्या हातात राजाची तलवार असो की खुरपं असो. शेवटी सगळ्यांच्या वर एक साधारण नियम आहे: वेगवेगळ्या मंत्रांचे परिणाम एकत्र चालतात, एकच मंत्र दोघांनी टाकला तर बेरीज होत नाही, दोन्हींतला जोरदार तेवढा लागू होतो.

एवढं पाठ झालं की डीएमचं काम चालतं. मीही बराच काळ एवढ्यावरच चालवत होते. कोणता मंत्र शस्त्राकडून काय मागतो, तो कोणत्या प्रकारचा लाभ देतो, हे दोन प्रश्न विचारायचे आणि निकाल द्यायचा. तिसरा प्रश्न मला रविवारच्या टेबलानं दिला.

त्या दिवशी कथेत एक वाघमाणूस होता. पुस्तकात हा प्राणी आहे: कधी माणूस, कधी वाघ, कधी दोन्हींच्या मधला. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे साध्या शस्त्रांनी त्याला इजाच होत नाही. शस्त्र जादूचं हवं नाहीतर चांदीचं. आमच्या भागात वाघ ही गोष्टीतली गंमत नाही. ताडोबा लांब नाही, आणि रानात गेलेलं कोणीतरी परत आलं नाही अशी बातमी प्रत्येक घरानं ऐकलेली असते. म्हणून माझ्या टेबलावर एक ठरलेलं आहे. वाघ मारून बक्षीस मिळत नाही. त्याला थोपवायचं, बोलतं करायचं, गावाची आणि त्याची हद्द ठरवून द्यायची.

तलवारवाला पोट्टा खुशीत होता. त्याच्याकडे मागच्या मोहिमेत मिळालेली +१ तलवार होती, म्हणजे वाघमाणसाला लागणारं टेबलावरचं एकमेव शस्त्र. तो जादूगारीण चालवणाऱ्या मुलीकडे वळला.

"टाक माह्या तलवारीवर. आणखी एक वाढव."

"नाही चढत. अट वाच, बिनजादूचं पाहिजे."

"ताई, हे काहून असं? चांगल्यावर आणखी चांगलं नाही होत का?"

मी काही बोलायच्या आत दुसरा म्हणाला, "मग तुह्या मंत्राचा उपयोग काय बे? फुकटच घेतला."

मुलगी गप्प बसली. मग तिनं पत्र्याच्या पेटीवर मांडलेल्या नकाशाकडे बोट केलं. सगळ्यात मागे, टेकडीच्या पायथ्याशी, माझ्या हातातलं एक पात्र उभं होतं: वाट दाखवायला घेतलेला लाकूडतोड्या. त्याच्याकडे लोखंडी कुऱ्हाड होती आणि लढाईत त्याचा काही उपयोग होईल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. ती म्हणाली, "मी त्याच्या कुऱ्हाडीला हात लावते."

इथून लढाईचं गणित पालटलं. आतापर्यंत एकच शस्त्र लागत होतं, आता दोन. वाघमाणसाला दोन बाजू सांभाळाव्या लागल्या. पण मीही डीएम आहे आणि वाघमाणूस मूर्ख नसतो. ही नवी आच कुठून आली हे त्यानं हुंगलं आणि थेट जादूगारणीवर झेप घेतली. कारण या मंत्राला एकाग्रता लागते. मंत्र टिकवून धरणाऱ्याला इजा झाली की त्याला तग धरून दाखवावा लागतो: दहा, किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यातला जो आकडा मोठा तो गाठायचा. नाही गाठला तर मंत्र तिथल्या तिथे सुटतो. पंजा लागला, बारा इजा झाली. निम्मे सहा, म्हणजे दहा गाठायचे होते. तिनं थैली मागितली. हात आत गेला आणि तिथेच घुटमळला. बाहेर आली ९ ची सोंगटी. तिच्या पात्राचा काटकपणा अधिक दोन. अकरा.

मुलं ओरडली ती कुऱ्हाडीसाठी. लाकूडतोड्याचा पुढचा घाव बसला, वाघमाणूस मागे सरला आणि बोलायला कबूल झाला. सगळ्यांनी लाकूडतोड्याचं कौतुक केलं, जणू तो खरंच अंगणात उभा होता. मुलीनं मात्र आपल्या कागदावर बारा इजा वजा केली आणि मला विचारलं, "ताई, मी पडली असती तर कुऱ्हाड तेव्हाच साधी झाली असती न?"

हो. तेव्हाच. माझ्या दोन प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. तलवारीची जादू तलवारीत असते. ती कोणीतरी कधीतरी घडवली, त्याची किंमत मोजून झाली, तो घडवणारा मेला असला तरी चालतं. तात्पुरता मंत्र मात्र या घटकेला कोणीतरी पेलत असतं. घाव कुऱ्हाड घालते, मार पेलणारा खातो, आणि टेबल टाळ्या वाजवतं ते कुऱ्हाडीला. तेव्हापासून कोणताही मंत्र आणि शस्त्र समोर आलं की मी तिसरं विचारते: हे पेलतंय कोण?

मग हिशेबाचे कागदही बदलले. पूर्वी शस्त्राच्या पुढे मी फक्त +१ किंवा +२ लिहायचे. आता तात्पुरता लाभ पेन्सिलीनं, आणि त्याच्या बाजूला पेलणाऱ्याचं नाव. घाव बसला की आकडा मी त्याच्याही नावानं जाहीर करते: "कुऱ्हाडीचे आठ, त्यातला एक जादूगारणीचा." बारीकशी गोष्ट आहे, पण पुढच्या वेळी तलवारवाला पोट्टा स्वतःहून तिच्या पुढे ढाल धरून उभा राहिला.

शनिवारचं टेबल वेगळं आहे. न्यू जर्सीतलं एक मराठी कुटुंब: बाप, मुलगा, मुलगी आणि त्यांचे दोन शेजारी. त्यांची सकाळ, माझी संध्याकाळ. बाप हा खेळ विद्यार्थी असताना साडेतीन आवृत्तीत शिकले आणि त्यांना दुसरी चालत नाही. "अहो मॅडम, पाचवीत हिशेबाला काही जागाच ठेवली नाही," अशी त्यांची तक्रार असते. त्यांचं खरं आहे. साडेतीनमध्ये बहुतेक लाभांना प्रकार असतो, आणि एकाच प्रकारचे दोन लाभ सहसा एकत्र होत नाहीत. मोठा तेवढा चालतो. तलवारीचा +१ हा ज्या प्रकारचा लाभ आहे, 'ग्रेटर मॅजिक वेपन' मंत्राचा लाभही त्याच प्रकारचा. त्यामुळे +१ तलवारीवर +३ चा मंत्र टाकला तर +४ होत नाही, +३ होतो. मात्र पाचवीसारखं दारात अडवणं इथे नाही, आणि त्या फटीतूनच सगळी हुशारी आत शिरते.

त्यांचा हिशेब त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावला. त्या आवृत्तीत शस्त्राची किंमत ठरते ती एकूण पातळीच्या वर्गाला २,००० सोन्याच्या नाण्यांनी गुणून. तलवार +१, शिवाय आग, गारठा आणि वीज असे तीन गुण, प्रत्येक एका पातळीचा, एकूण चार. चाराचा वर्ग सोळा, म्हणजे ३२,००० नाणी. तीच तलवार खरोखर +३ करायची तर एकूण सहा होतात. सहाचा वर्ग छत्तीस, ७२,००० नाणी. आता गटात बाराव्या पातळीचा जादूगार असेल तर तो सकाळी 'ग्रेटर मॅजिक वेपन' टाकतो. दर चार पातळ्यांना एक, म्हणून +३, आणि दर पातळीला एक तास, म्हणून बारा तास. तलवारीचे तीन गुण तिचेच राहतात आणि वरचा आकडा मंत्राचा. ४०,००० नाणी वाचली. बाप हसतात तेव्हा कॅमेऱ्यातूनही कळतं की आयुष्यात कुठेतरी करसल्लागार व्हायचं राहून गेलं.

या युक्तीत गैर काही नाही. नियमात बसते, आणि एकाग्रतेची कटकटही त्या आवृत्तीत या मंत्राला नाही. तरी मला तिच्यात एक गोष्ट कायम दिसायची. त्या घरात जादूगार चालवते ती धाकटी मुलगी. तिचा एक मोठा मंत्र रोज सकाळी भावाच्या तलवारीत जात होता, आणि वाचलेल्या ४०,००० नाण्यांतलं एकही तिच्या पात्राच्या थैलीत पडत नव्हतं. हे मी बोलून दाखवलं नाही. डीएमनं उपदेश करू नये, प्रसंग उभा करावा. मी शत्रूच्या बाजूला एक म्हातारा मांत्रिक दिला, ज्याला 'डिस्पेल मॅजिक' येत होतं.

साडेतीनमध्ये हा मंत्र शस्त्रावर टाकला आणि यशस्वी झाला की दोन गोष्टी दोन वेगळ्या वाटांनी जातात. तलवारीची मूळ जादू एक ते चार फेऱ्या झोपते आणि मग आपली आपण उठते. तिच्यावरचा तात्पुरता मंत्र मात्र संपतो तो संपतोच. परत हवा तर परत टाकावा लागतो, आणि ती ताकद त्या दिवसापुरती खर्च झालेली असते. (पाचवीत तर 'डिस्पेल मॅजिक' वस्तूच्या अंगच्या जादूला हातही लावत नाही, फक्त मंत्र तोडतो.) भावाची तलवार तीन फेऱ्यांत जागी झाली: आग, गारठा, वीज सगळं परत. पण आकडा +३ चा +१ झाला होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "माझा हिस्सा ठरवायचा का आता?" त्या संध्याकाळी लढाई बाजूला राहिली आणि गुहेतच वाटाघाटी झाल्या. बाप पंच झाले. दर मोहिमेच्या लुटीतला ठरावीक वाटा मंत्रासाठी, असा करार त्यांनी लिहून काढला. मला वाटतं त्यांचा तो सगळ्यात चांगला खेळ होता.

२००९ साली आलेल्या 'पाथफाइंडर'नं, जो साडेतीनच्याच पायावर उभा आहे, या युक्तीला एक बारीक कात्री लावली. त्यात खरी +३ तलवार चांदीची असल्यासारखी काम करते. चांदीशिवाय ज्यांना पुरती इजा होत नाही त्या प्राण्यांनाही ती पुरती लागते. पण मंत्रानं झालेल्या +३ ला ही सवलत नाही. तो जादूची तलवार म्हणून चालतो, चांदीची म्हणून नाही. आकडा उसना मिळाला, अंगचा गुण नाही मिळाला. मी हा नियम रविवारी मुलांना सांगितला तेव्हा खाणीतल्या कामगाराचा मुलगा पटकन म्हणाला, "म्हणजे ठेक्यावरच्यासारखं. टोपी तीच, काम तेच, पण क्वार्टर नाही." माजरी, भद्रावतीकडच्या कोळसा खाणींभोवती वाढलेल्या पोराला हा नियम समजवावा लागत नाही. त्याच्या घरी तो रोज संध्याकाळी डबा घेऊन परत येतो.

मुलं नियमांना अडतात तेव्हा महाभारताचा आधार घेतात. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनवर मालिका पुन्हा लागली होती, त्यामुळे अस्त्रांच्या बाबतीत त्यांची तयारी माझ्यापेक्षा पक्की आहे. "अश्वत्थाम्यानं तर गवताच्या काडीवर अस्त्र चढवलं. तलवारीवर का नाही चढणार?" हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्यात या खेळाचा अर्धा नियमसंच आधीच आहे. काडी हे अगदी बिनजादूचं शस्त्र; मंत्रानं ती ब्रह्मशिर अस्त्र झाली. समोरून अर्जुनानंही तेच अस्त्र सोडलं. ऋषी मध्ये पडले तेव्हा अर्जुनानं आपलं मागे घेतलं, अश्वत्थाम्याला घेता येईना. सोडायला दोघेही समर्थ होते, पेलायला एकच. पाचव्या आवृत्तीत एकाग्रतेचा मंत्र टाकणाऱ्याला तो हवा तेव्हा आवरता येतो. हे कलम मुलांना फालतू वाटायचं. अश्वत्थाम्याची गोष्ट त्याला लावल्यापासून वाटत नाही.

कर्णाचंही तसंच. परशुरामाच्या शापानं ऐन वेळी त्याला मंत्र आठवत नाही. इंद्राची शक्ती एकदाच वापरायची, ती घटोत्कचावर खर्च होते. पण माझ्या कामाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते गांडीव. खांडववनाच्या वेळी अग्नीच्या सांगण्यावरून वरुणानं दिलेलं धनुष्य, सोबत न संपणारे भाते. खेळाच्या भाषेत ही कायमची जादूची वस्तू, आणि तिच्यातून सुटणारी अस्त्रं म्हणजे तात्पुरते मंत्र. धनुष्य आणि बाण दोन्ही जादूचे असतील तर काय, यावर आवृत्त्यांचं एकमत नाही: साडेतीनमध्ये दोन्हींतला मोठा लाभ तेवढा धरायचा, पाचवीत दोन्ही मिळवायचे. महाभारत सरळ मिळवतं. पण मौसलपर्वात द्वारकेच्या बायकांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर लुटारू चालून येतात, तेव्हा त्याला गांडीवाची दोरी चढवतानाच कष्ट पडतात, अस्त्रं आठवत नाहीत आणि न संपणारे बाण संपतात. पुढे अग्नी येऊन धनुष्य परत मागतो आणि अर्जुन ते पाण्यात सोडतो. म्हणजे जे कायमचं म्हणून धरलं होतं, तेही कोणाच्या तरी भरवशावर होतं.

हे मी रविवारी सांगितल्यावर तलवारवाला पोट्टा अस्वस्थ झाला. "ताई, माही तलवार पण जाईल का?" जाऊ शकते, मी म्हटलं. जादू बंद पाडणाऱ्या जागेत पाय टाकलास तर तुझी तलवारही साधी आणि हिचा मंत्रही निपचित. फरक एवढाच, की तू बाहेर आलास की तुझी तलवार होती तशी असेल. हिच्या मंत्राचा तास मात्र आतमध्येही सरत असतो. त्यावर तो जरा निवांत झाला आणि लगेच तिला म्हणाला, "मंग तू आत नको येऊ."

आता २०२४ च्या पुस्तकानं माझ्या या सगळ्या मांडणीला टाचणी लावली आहे. नव्या 'मॅजिक वेपन'ला एकाग्रता लागत नाही. टाकला की तासभर चालतो. जादूगाराला मार बसला तरी सुटत नाही, आणि त्याला सोबत दुसरा मोठा मंत्रही धरता येतो. बिनजादूच्या शस्त्राची अट तेवढी ठेवली आहे. ही बातमी मी टेबलावर सांगितली आणि आपण जुनंच चालवू असं सुचवलं. पेलण्याची सगळी गंमत त्यातच आहे, वगैरे वगैरे. सगळे पोट्टे हो म्हणाले. एकटी जादूगारीण नाही म्हणाली.

"ताई, तुम्हाले गंमत वाटते, कारण पंजा तुम्ही मारता," ती म्हणाली. "आणि याले वाटते, कारण पंजा याले बसत नाही. माह्या जवळ एकच मंत्र धरता येते. तो कुऱ्हाडीत गेला की मी लढाईभर झाडामागं. नवीन नियमानं कुऱ्हाड पण चालते आणि मी पण खेळते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि शोधावंसंही वाटलं नाही. त्या कुऱ्हाडीमागे ती उभी आहे हे मी टेबलाला दाखवलं होतं. पण तिथंच उभं राहणं तिला हवं आहे का, हे विचारायचं माझ्या तिन्ही प्रश्नांत नव्हतं. मतदान घेतलं असतं तर जुना नियम बहुमतानं जिंकला असता. मी मतदान घेतलं नाही. ज्याच्या जिवावर नियम चालतो त्याचं मत त्या नियमापुरतं जड धरायचं, असं मी जाहीर केलं. तलवारवाल्यानं कुरकुर केली. त्याला सांगितलं की ढाल धरायचा नियम बदलायची वेळ आली तर तुझं मत जड धरू. ते त्याला पटलं.

तेव्हापासून रविवारी हा एक मंत्र नव्या पुस्तकाप्रमाणे चालतो, बाकी सगळं जुन्याप्रमाणे. नियमांच्या झेरॉक्सवर तेवढी ओळ खोडून तिनंच वर नवी लिहिली आहे. न्यू जर्सीच्या बापांना हे सांगितलं तर म्हणाले, असे मिश्र नियम म्हणजे अनागोंदी. त्यांच्या मुलीनं मागून विचारलं, ती झेरॉक्स मेल करता येईल का.